डाव्या हाताला घे, गेनबा

॥ श्री ॥

पुणे, पेठ बुधवार
शके १७०९, प्लवंगनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध दशमी

आपल्या पायांशी सगुणेचा दंडवत. कलकत्त्याचं पाणी आपल्या अंगी लागलं असेल, पोटाची तक्रार थांबली असेल आणि सरकारचे वकीलसाहेब दुपारी घटकाभर पडू देत असतील, असं धरून चालते. इकडे सर्व मंडळी खुशाल. हे वाक्य प्रत्येक पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ते कितपत खरं, ते खाली कळेल.

वर पेठ बुधवार वाचून आपल्या भुवया चढल्या असतील. सून कसब्यातली आणि पत्र बुधवारातून! होय, मी माहेरी आहे. भांडून आले नाही. मामंजींना न विचारता आले, हे मात्र खरं. तेही पायी, सकाळच्या वेळी, साऱ्या आळीच्या देखत. आपण वाचता वाचता उठून उभे राहिला असाल तर पुन्हा बसा. गोष्ट लांब आहे आणि तिच्यात थोडा आपलाही हात आहे.

हे पत्र वकिलांच्या डाकेतून येणार. आपल्या हाती पडण्याआधी चार कारकून ते उलगडून पाहणार, हे आपणच मला सांगून ठेवलं आहे. म्हणून काही गोष्टी आडून लिहिते. आपण शहाणे आहात.

आधी संक्रांतीचं सांगते. मामंजींनी ती हकीकत आपल्याला एका ओळीत कळवली होती: 'व्याह्यांनी भर रस्त्यात मर्यादा सोडली.' माझ्या तात्यांनी लिहिलं असतं तर ओळ हीच असती, फक्त व्याही बदलले असते. मी दोन्ही घरांची आहे, तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐका.

दसऱ्याला दोघांना सरकारातून पालखीचा मान मिळाला, तेव्हा आपण इथेच होता. मामंजी पागेचे, तात्या हुजूर दफ्तरातले, आणि दोघांना मान एकाच दिवशी, एकाच हुकमाने. दोन्ही घरांतून साखर वाटली गेली. व्याही-व्याही एका दिवशी पालखीत बसले म्हणून सगळ्यांना केवढं कौतुक! तेच पुढे नडणार आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आपण कार्तिकात गेलात. संक्रांतीच्या सकाळी मामंजी पालखीत बसून तात्यांना तिळगूळ द्यायला बुधवाराकडे निघाले. त्याच वेळी तात्या पालखीत बसून मामंजींना तिळगूळ द्यायला कसब्याकडे निघाले. आपल्या आळीत निम्म्यावर दोघांची गाठ पडली. दोघांच्याही मांडीवर चांदीचा डबा होता.

दोन्हीकडचे चोपदार 'बाजू, बाजू' म्हणून ओरडले. बाजूला कोणी होईना. पालखीचा मान म्हणजे रस्त्याच्या मधून चालण्याचा मान. कडेला मोरी वाहते. मोरीच्या अंगाने ओझ्याचे बैल, कुणबी आणि आम्ही बायका चालतो. आपल्या पुण्यात लहानाने मोठ्याला वाट द्यायची, हे तर अंगणातलं पोरही सांगेल. पण इथे लहान कोण? वयाने तात्या मोठे. नात्याने मामंजी वरचे, मुलाचे वडील. हुद्दा सारखा आणि मानाचा दिवसही तोच. तात्यांनी पालखीतून निरोप धाडला, "घरी चला, पायांवर डोकं ठेवतो, मुलीचा बाप आहे मी. पण ही पालखी सरकारची आहे. सरकारचा मान मी माझ्या हाताने कसा खाली घेऊ?" मामंजींचं उत्तर आलं, "आमचंही नेमकं तेच म्हणणं आहे." दोघांचंही खोटं नव्हतं, हीच पंचाईत.

पालखी खाली टेकवली तर हार मानल्यासारखं होईल, म्हणून भोई नुसते खांदे बदलत उभे. आपला धायरीचा गेनबा पलीकडच्या पुढच्या भोयाला म्हणाला, "संपत, तुझ्या धन्याला इचार की, जेवाया तरी जायाचं हाय का न्हाय?" संपतने विचारलं नाही. दुपारी सासूबाईंनी मला दोघांनाही ताक पाठवायला सांगितलं. आधी कोणाला दिलं यावरून आणखी नवं भांडण नको म्हणून दोन गडी दोन पेले घेऊन एकाच वेळी पाठवले. दोघेही ताक प्यायले. दोघांनीही 'छान झालंय' असं सांगून पाठवलं, पण एकमेकांकडे पाहिलं नाही.

दिवेलागणीला चावडीवरचा माणूस आला. त्याने तोड काढली, की दोघांनी एकदम मागे सरायचं. सरले. तिळगूळ डब्यांतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून वाद असा, की मागे पहिलं पाऊल कोणाच्या भोयाने टाकलं. त्यावरून बोलणं बंद, जाणंयेणं बंद, निरोपसुद्धा बंद.

यावर आपलं वैशाखात पत्र आलं. जेवणं झाल्यावर मामंजींनी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं आणि आम्ही बायका माजघराच्या दाराआड बसून ऐकत होतो. आपण विचारलं होतंत, 'ती आळी खरोखर एवढी अरुंद आहे काय?' मामंजी खोकले आणि पुढे वाचू लागले. अहो, धायरीहून सरपण घेऊन येणारे बैल आणि सरपण टाकून परत जाणारे बैल त्याच आळीत रोज समोरासमोर येतात आणि शिंगाला शिंग न लावता जातात. पालखी बैलाहून रुंद नाही. पण बैलांना सरकारातून मान नसतो.

फारसी शिकायला येणाऱ्या त्या म्हाताऱ्या इंग्रज कारकुनाने आपल्याला सांगितलेलं मला फार आवडलं. त्यांच्या राजधानीत मोठ्या नदीवर पूल आहे. त्यावर गाड्यांची इतकी दाटी व्हायची, की शेवटी हुकूम निघाला: शहरात येणाऱ्यांनी पुलाच्या एका अंगाने यावं, जाणाऱ्यांनी दुसऱ्या अंगाने जावं, आणि प्रत्येकाने आपल्या डाव्या हाताला राहावं. गाडीत उमराव असो की कोबीवाला. मामंजींनी वाचणं थांबवून विचारलं, "मग थोर कोण, हे लोकांना कळायचं कसं?" दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "घरी बोलावून सांगावं."

पुढे आपण लिहिलंत, की हे पुलावरचं झालं. तिथेही पायी चालणारे भिंतीकडच्या अंगासाठी भांडतात, कारण रस्ता चिखलाचा आणि घाणीचा; थोराला भिंतीची बाजू सोडायची पद्धत आहे, आणि दोन थोर समोरासमोर आले की कधी कधी तलवारीपर्यंत जातं. हे वाचताना मामंजींचा चेहरा जरा खुलला. सातासमुद्रांपलीकडेही आपल्यासारखी समजूतदार माणसं आहेत, असं त्यांना वाटलं असावं.

मला मात्र त्या पुलाचं कौतुक अजून पुरलेलं नाही. चार दिवस भाकरी थापताना तेच डोक्यात होतं. येणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही, कूळ विचारायचं नाही, मागे चोपदार किती ते मोजायचं नाही. समोरून कोणीतरी येणार आहे, एवढं धरून त्याच्यासाठी निम्मा रस्ता आधीच मोकळा ठेवायचा. तो येईपर्यंत वाट अडवून मग देण्यात जो तोरा आहे, तो इथे नाहीच. मी सासूबाईंना म्हटलं, की हा हुकूम ज्याने काढला त्याला नक्की सून असणार. त्या हसल्या.

दोन दिवसांनी मामंजींनी स्वतःहून विषय काढला. पागेत घोडे विकायला मस्कतचा एक अरब सौदागर आला होता. तो घोड्यावरून येताना दारातल्या मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची लीद काढणाऱ्या माणसाला, आधी सलाम करून आत आला. मामंजींना वाटलं, माणूस ओळखण्यात चुकला. विचारलं तर तो म्हणाला, आमच्याकडे असंच. घोड्यावरच्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला, आणि थोड्यांनी पुष्कळांना. "जो उंचावर, त्याने आधी वाकायचं," मामंजी म्हणाले. "विचित्र आहे. पण वाईट नाही." मग बराच वेळ ते सुपारी कातरत बसले. एवढी सुपारी कोणी खाल्ली नसती.

आता आडून लिहायची गोष्ट.

माघापासून सासूबाई मला विहिरीवर जाऊ देत नाहीत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी माझी ओटी जरा जास्तच भरली. मला कैरी नकोशी झाली आणि भाजलेली माती हवीशी. हल्ली माडीचा जिना चढताना मध्ये बसावं लागतं. पुढचं आपण ताडलं असेलच. चार कारकुनांनीही ताडलं असेल. त्यांनाही माझा नमस्कार.

आधी का नाही कळवलं, असं आपण विचाराल. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीची बातमी लांबच्या रस्त्यावर घालू नये, दृष्ट लागते. मीही गप्प बसले. पण दृष्टीला भिऊन नव्हे. कागदावर उतरवलं की ते खरं होणार आणि खरं झालं की वेणूताई डोळ्यांपुढे येणार, म्हणून.

माझ्या थोरल्या बहिणीला आपण पाहिलं नाहीत. वेणूताईचं सासर वाईला. सातव्यात तिला माहेरी आणायचं ठरलं तेव्हा तात्या स्वारीबरोबर मोहिमेवर होते, म्हणून आईने धाकट्या काकांना पाठवलं. तिच्या सासऱ्यांनी काकांना ओसरीवर बसवून पानसुपारी दिली आणि सांगितलं, "मुलगी न्यायला वडील माणूस लागतो. आपण धाकटे." काका रिकामे परत आले. तात्या मोहिमेवरून आले तेव्हा ताई नव्हती आणि मूलही नव्हतं. आई जवळ असती तर ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही; तेवढं मला कळतं. पण तिने आईला हाका मारल्या असतील. त्या ऐकायला तिथे सगळी तिच्या नवऱ्याची माणसं होती, आणि त्यांना हाक कोणाला आहे तेही नीट कळलं नसेल.

म्हणून मला माझ्या आईजवळ यायचं होतं. बाकी मला काही नको होतं. दोन्ही घरांत एवढंसं अंतर, आमच्या माडीवरून बुधवारातल्या घराचा पिंपळ दिसतो, आणि मी जाऊ शकत नव्हते. मामंजींचं म्हणणं, "व्याह्यांनी रीतीने यावं, पालखीतून, याच आळीतून यावं, आणि न्यावं. मी का अडवतो?" तात्यांचं म्हणणं, "येतो. पालखीतून येतो. पण रस्त्याच्या मधून येईन, मोरीच्या अंगाने नाही." म्हणजे दोघेही तयार, आणि काही घडत नाही. आईचा माणूस दर दिवसाआड मागच्या दाराने येई आणि एकच शब्द विचारून जाई, "कधी?" सातवा महिना संपत आला. आठव्यात आपल्याकडे पाठवत नाहीत, हे आपल्याला ठाऊक नसेल, पण आम्हा बायकांना ठाऊक असतं.

मी सासूबाईंना कधी काही बोलले नव्हते. वेणूताईचंही नाही. पण एका दुपारी गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, "सगुणे, वाईची हकीकत मला ठाऊक आहे हो. तुझं लग्न ठरलं तेव्हाच विचारून घेतली होती."

माझे हात थांबले. त्यांचे चालूच होते.

"माझे वडील शास्त्री होते," त्या म्हणाल्या. "आम्हा मुलींना शिकवायचे नाहीत, पण भिंतीपलीकडून ऐकू यायचं. रस्त्यात ओझं वाहणारा, आजारी, म्हातारा किंवा बाई समोर आली, की बाकीच्यांनी वाट सोडावी. त्यात पालखीवाल्याला सूट आहे, असं काही मी ऐकलं नाही."

"मग?"

"मग काय? तू बाई आहेस. ओझंही आहे. आणि डाव्या हाताचं माझ्या मुलाने लिहूनच पाठवलंय. आणखी काय लागतं?"

संध्याकाळी त्यांनी आपल्या तुळजाबाईला बुधवारात पाठवलं. निरोप असा: 'सप्तमीला सकाळी, आमच्याकडची स्वारी पागेत जाण्याच्या वेळेला, व्याह्यांनी पालखीतून आळीने यावं. मुलगी पाठवते.' मामंजींना यातलं काही सांगितलं नाही. मला सांगितलं ते त्याच सकाळी, माझ्या केसांना तेल लावताना. मी म्हटलं, "सासूबाई, मामंजी रागावले आणि म्हणाले, गेलीस तशीच जा, तर?" त्या म्हणाल्या, "तर मीही तुझ्याबरोबर येईन. तुझ्या आईला विचार, तिच्याकडे दोघींना जागा आहे का." त्यांनी माझा भांग तीनदा मोडून पुन्हा पाडला. तेव्हा मला कळलं, की त्यांनाही भीती वाटते आहे आणि तरीही हे चाललं आहे. आजवर मला सासूबाईंचा धाक होता. त्या घटकेपासून जे वाटतं त्याला कोणता शब्द लावावा ते कळत नाही.

सप्तमीला मामंजींची पालखी रोजच्याप्रमाणे निघाली. त्यांच्यामागे थोडं अंतर ठेवून मी दाराबाहेर पडले, मागे बोचकं घेऊन तुळजाबाई. सासूबाई ओट्यावर उभ्या. आळीत निम्म्यावर समोरून तात्यांची पालखी येताना दिसली. दोन्ही पालख्या मधोमध. 'बाजू, बाजू' सुरू झालं. शेजारच्या ओट्यांवर माणसं जमायला लागली. एका बाईने तर दुपारपर्यंत बसायच्या तयारीने सतरंजी अंथरली.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. तो आवाज मी घरात मोलकरणींवरही कधी ऐकला नव्हता.

"गेनबा! मागून पोटुशी बाई येते आहे. डाव्या हाताला घे!"

गेनबाने मान वळवून मला पाहिलं. पालखीतून मामंजी म्हणाले, "थांब." गेनबा म्हणाला, "थांबतो कसा धनी? पोटुशीला आडवं हुबं ऱ्हायलं तर माझी बायकू मला घरात घ्यायची न्हाय." आणि त्याने पालखी आपल्या डाव्या हाताच्या भिंतीला लावली. पाय थेट मोरीत.

"आणि तू रे संपत," सासूबाई म्हणाल्या, "तूही तुझ्या डाव्या हाताला घे."

संपतने धन्याला विचारलं नाही. या खेपेलाही नाही. तात्यांची पालखी पलीकडच्या भिंतीला लागली आणि आळीचा मध्य मोकळा झाला. मी त्यातून चालले. मामंजींच्या पालखीजवळून जाताना पदर सावरून खाली पाहिलं. तात्यांच्या पालखीजवळून जाताना मात्र वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी पुढे गेले. मागे पाहते तो तात्यांची पालखी आपल्या घराच्या दिशेने सरळ गेलेली आणि मामंजींची पालखी माझ्या मागून येत असलेली. दोघे एकमेकांना ओलांडून गेले होते. कोणी कोणाला वाट दिली नव्हती. दोघांनी मला दिली होती. ज्या आळीत संक्रांतीला दिवसभर दोन पालख्या मावल्या नाहीत, तिथे दोन पालख्या, एक सून आणि एक बोचकं मिळून सगळं मावलं आणि वर जागा उरली. त्या म्हाताऱ्या इंग्रजाला हे अवश्य सांगा. त्याच्या पुलाचं पुण्यात नाव झालं.

आता खरी गंमत ऐका. मामंजींना पागेकडे जायचं म्हणजे माझ्याच दिशेने. मला ओलांडून पुढे जायला जागा भरपूर होती. पण पालखी पुढे येईना. मी जड पावलाने, दमत, मध्ये थांबत चालले होते आणि मागे पालखी माझ्याच चालीने. मी थांबले की तीही थांबे. चोपदार गप्प. गेनबाने एकदा पाऊल उचललं तेव्हा आतून मामंजींचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला: "घाई करू नकोस. तिला पुढे जाऊ दे."

तेवढ्यात आपल्या दारापुढच्या मोकळ्या जागेत पालखी वळवून तात्याही आले. म्हणजे पुढे मी पायी, मागे मामंजींची पालखी, तिच्यामागे तात्यांची. आळीच्या टोकापर्यंत अशी आमची मिरवणूक गेली. लग्नातसुद्धा माझी एवढी निघाली नव्हती.

टोकाला मामंजी पागेकडे वळले. तात्या खाली उतरले, मला आपल्या पालखीत बसवलं आणि स्वतः पायी, हात दांड्यावर ठेवून, साऱ्या बुधवारातून चालत घरी आले. ओळखीचे लोक रामराम करत होते आणि तात्या प्रत्येकाला सांगत होते, "मुलीला आणतोय. मुलीला आणतोय." आई दारात होती. तिने मला धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही, स्वयंपाकसुद्धा काकूंनी केला.

आज सकाळी मामंजी इथे आले. पालखी नाही, चोपदार नाही, खांद्यावर उपरणं आणि पायांत धुळीच्या वहाणा. तात्यांनी त्यांना पाहिलं तसे ते अनवाणीच दारापर्यंत धावले. मग दारात सुरू झालं. "आपण पुढे व्हावं." "छे छे, आपलं घर, आपण व्हा." "मी मुलीचा बाप, मी आधी कसा जाऊ?" "वयाने आपण वडील." दोघेही वाकलेले आणि दोघेही बाहेर. शेवटी आतून आई म्हणाली, "दोघेही आत या, नाहीतर दोघेही बाहेर बसा. उन्हाची झळ पोरीला लागतेय." तेव्हा कुठे आले.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. आज बोलले. म्हणाले, "पागेतला एक घोडा इथे दाराशी बांधून ठेवायला सांगितलाय. अपरात्री वैद्य लागला तर चालत जायला नको." मग म्हणाले, "कलकत्त्याला तू लिही. मी दोनदा बसलो लिहायला. मला ते लिहवत नाही."

म्हणून हे पत्र. मामंजींसारख्या माणसालाही जे लिहवलं नाही ते मी लिहिते, आता आडून नाही. मला भीती वाटते. रोज वाटते. आई जवळ आहे, सासूबाई एक दिवसाआड येतात, घोडा दाराशी आहे, सगळ्यांनी आपापलं केलं आहे. तरी वाटते. आपण असता तर काही करू शकला नसता, पण आपण असायला हवे होतात.

हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा श्रावण सरत आला असेल आणि जे व्हायचं ते इथे होऊन गेलेलं असेल. आपण या ओळी वाचत असाल तेव्हा आम्ही दोघं असू, की एक, की कोणीच नाही, ते मला आज लिहिता येत नाही आणि आपल्याला तिथे कळणार नाही. तरी उत्तर लगेच लिहावं. मोडीत लिहू नये, बाळबोध अक्षरात, मोठं आणि सुटं लिहावं. मी असेन तर कसंही वाचीन. पण आईला मोडी येत नाही, आणि कदाचित तिलाच ते बाळाला वाचून दाखवावं लागेल.

आपल्या पायांशी,
सगुणा